गोलंदाजाचा मान कोणत्या मापानें मोजावा?

महाराष्ट्रांतील कोणाहि क्रिकेटप्रेमी गृहस्थास ४४३ हा आंकडा सांगावा, म्हणजे भाऊसाहेब निंबाळकरांचें नांव त्याच्या तोंडीं येतें. ३५९ म्हटलें कीं विजय मर्चंट, आणि ३०९ म्हटलें कीं सांगलीचे विजय हजारे, हेंहि त्यास पढवावें लागत नाहीं. परंतु १९४३-४४ च्या हंगामांत मर्चंटांनीं महाराष्ट्राविरुद्ध त्या नाबाद ३५९ धांवा काढिल्या, तेव्हां मुंबईच्या त्याच डावांत १८६ धांवांच्या मोबदल्यांत पांच गडी बाद करणारा वीस वर्षांचा गोलंदाज कोण, असें विचारल्यास तोच गृहस्थ निरुत्तर होतो. त्या गोलंदाजाचें नांव सदाशिव शिंदे. त्यांच्याकडे आम्हांस पुढें पुन्हा यावयाचें आहे. येथें एवढेंच नमूद करतों कीं फलंदाजाची कीर्ति एका आंकड्यांत मावते, आणि गोलंदाजाचा आंकडा मात्र समजावून सांगितल्यावांचून कोणासहि कळत नाहीं.

यामुळें एक प्रश्न उपस्थित होतो. एका हंगामाअखेर एकच पदक एकाच गोलंदाजास द्यावयाचें असेल, तर तें कोणास आणि कोणत्या कारणानें द्यावें? वरवर पाहतां हा प्रश्न रिकामपणच्या गप्पांचा वाटेल. तथापि त्याचा नीट विचार करूं लागलें असतां इतिहासलेखनांतील एका जुन्या अडचणीशीं गांठ पडते. माणसाच्या हातून जें घडलें त्यांत त्याचा स्वतःचा वांटा किती, सोबत्यांचा किती, आणि परिस्थितीचा किती, ही वांटणी सेनापतीच्या बाबतींत जितकी अवघड, तितकीच ती गोलंदाजाच्या बाबतींतहि अवघड आहे.

या प्रश्नाचा सर्वांत चिकाटीनें खल केला तो अमेरिकेंतील लोकांनीं, आणि तोहि क्रिकेटच्या नव्हे तर बेसबॉलच्या संदर्भांत. बेसबॉल हा आमच्या चेंडूफळीचा दूरचा भाऊबंदच होय. त्यांत चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात. त्या खेळाचा हिशेब कोष्टकाच्या रूपानें मांडण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकांत हेन्री चॅडविक या वृत्तपत्रकारानें रूढ केली. हा गृहस्थ जन्मानें इंग्लिश असून क्रिकेटची वार्ता लिहितां लिहितां बेसबॉलकडे वळला होता. म्हणजे आंकड्यांची ही हौस तिकडे क्रिकेटच्याच वाटेनें गेली असें म्हणण्यास हरकत नाहीं. पुढें साय यंग नांवाच्या पिचरच्या स्मरणार्थ १९५६ पासून वार्षिक पारितोषिक सुरू झालें. तें वृत्तपत्रकारांच्या मतांनीं दिलें जातें, आणि १९६७ पासून दोन्ही प्रमुख लीगांस तें निरनिराळें मिळतें.

आतां बेसबॉलमध्यें अशी एक चाल आहे कीं संघानें सामना जिंकला म्हणजे तो विजय एका पिचरच्या खात्यावर लिहावयाचा, आणि हरला तर पराजयहि तसाच एकाच्या माथीं मारावयाचा. १९८७ सालीं नोलन रायन याच्या चेंडूंवर प्रतिपक्षास त्याच्या लीगमध्यें सरासरीनें सर्वांत कमी धांवा मिळाल्या. परंतु त्याच्या संघास धांवा काढतां येईनात, म्हणून त्याच्या खात्यावर ८ विजय आणि १६ पराजय पडले. पारितोषिक दुसऱ्यास गेलें. २०१० सालीं फेलिक्स हर्नांडेझच्या खात्यावर १३ विजय आणि १२ पराजय होते, आणि २०१८ सालीं जेकब डिग्रॉम याच्या खात्यावर अवघे १० विजय आणि ९ पराजय. तरी या दोघांसहि पारितोषिक मिळालें. डिग्रॉमनें तर नऊ डावांमागें सरासरी १.७० धांवाच दिल्या होत्या. रायनसारखाच पुरावा या दोघांचाहि होता. मध्यंतरीं परीक्षकांनीं तो वाचण्याची रीत बदलली, इतकेंच.

ही रीत बदलण्यास ज्या गोष्टी साहाय्यभूत झाल्या, त्यांत एका घरगुती खेळाचा उल्लेख केला पाहिजे. १९५१ सालीं एपीबीए आणि १९६१ सालीं स्ट्रॅट-ओ-मॅटिक असे दोन खेळ अमेरिकेंत निघाले. त्यांत मैदान नाहीं कीं चेंडू नाहीं. खऱ्या खेळाडूंच्या गतवर्षींच्या कामगिरीवरून तयार केलेलीं कार्डें आणि फांसे एवढेंच साहित्य. मंडळी घरीं बसून अख्खा हंगाम कागदावर खेळतात, आणि शेवटीं उत्तम पिचर कोण याचाहि निकाल लावतात. दुसऱ्या खेळांत तीन फांसे टाकले जातात. त्यांपैकीं एकावर १, २ किंवा ३ पडल्यास फलंदाजाचें कार्ड पाहावयाचें; ४, ५ किंवा ६ पडल्यास पिचरचें. कांहीं वेळां तर दोघांचीहि कार्डें बाजूस ठेवून क्षेत्ररक्षकाचा दर्जा पाहावा लागतो. हा खेळ रचणाऱ्यास घडलेल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी कोणाकोणांत कशी वांटावी, हें आधींच ठरवावें लागलें. ज्या वांटणीचा विचार मैदानावरील प्रेक्षक सहसा करीत नाहींत, ती येथें फांशाच्या सहा बाजूंवर लिहिलेली आहे.

आमच्याकडील शाळकरी मुलें वर्गांत चोरून जो पुस्तकी क्रिकेटचा डाव मांडतात, त्याच्याशीं हें ताडून पाहण्यासारखें आहे. पुस्तक उघडावयाचें, पानाच्या अंकाचें शेवटचें घर पाहावयाचें, तेवढ्या धांवा लिहावयाच्या, आणि शून्य आलें तर गडी बाद. या खेळांत फलंदाजांचीं नांवें वहींत मोठ्या हौसेनें लिहिलेलीं असतात; गोलंदाजास मात्र कामच नाहीं! तेथें गडी पानाच्या अंकानें बाद होतो. मोठ्या माणसांच्या स्मरणांतहि आमच्याकडे गोलंदाजाची अशीच वाट लागली आहे, असें आम्हांस वाटतें.

कागदावरच्या त्या हंगामांतून एक मार्मिक शंका निघते. तेथें पिचरचें सामर्थ्य कार्डावर छापलेलेंच असतें. मग उत्तम कार्डाचा पिचर फांशांच्या लहरीनें हंगामभर मार खात राहिला, आणि मध्यम कार्डाच्या पिचरनें मात्र सर्वांस गुंडाळलें, तर पदक कोणास द्यावें? कार्डास द्यावयाचें तर हंगाम खेळण्याची गरजच नव्हती. निकाल पहिल्या दिवशींच छापून तयार होता. पदक द्यावयाचें तें घडलेल्या हंगामास. सामर्थ्याची परीक्षा निराळी, आणि कार्याचा इतिहास निराळा. आमच्या मतें पारितोषिक हा इतिहासाचा निवाडा होय. म्हणून त्याचा पुरावा घडलेल्या गोष्टींतूनच घेतला पाहिजे. परंतु घडलेलें सर्वच एका माणसानें घडविलेलें नसतें, हीच खरी मेख आहे.

ही मेख मनांत ठेवून आपण आपल्या मुलखाकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांतील गोष्ट. सातारच्या जिमखान्यांत त्या काळीं केवळ गोऱ्यांस प्रवेश असे. पुण्याच्या हिंदूंचा संघ तेथें सामना खेळावयास निघाला, आणि त्या संघांत बाळू पालवणकर नांवाचे डावखुरे मंदगति गोलंदाज होते. त्यांच्या चेंडूस वळण मिळूं नये म्हणून यजमानांनीं आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवून ती गुळगुळीत करविली. तरीहि बाळूंनीं सात गडी बाद केले, आणि पाहुण्यांनीं सामना सहज जिंकला. पुण्यास परतल्यावर त्यांचा जाहीर सत्कार झाला, त्यांत न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे पुढें होते. सामन्याच्या टिपणवहींत सात बळी हा आंकडा राहतो. आठवडाभर फिरविलेला रूळ त्या वहींत लिहिलेला नसतो. तो रूळ ज्यास ठाऊक नाहीं, त्यास त्या सात बळींची किंमत निम्मीच कळेल.

बाळूंचा जन्म १८७६ मधील, धारवाडचा. जातीनें ते चर्मकार. पुण्यास गोऱ्यांच्या जिमखान्यांत खेळपट्टीची निगा राखण्याची नोकरी करतां करतां ते साहेबांस सरावासाठीं चेंडू टाकूं लागले, आणि त्यांतून त्यांची गोलंदाजी सिद्ध झाली. त्यांच्या चेंडूंवर बाद झालेल्या गड्यांचे झेल सवर्ण सोबती आनंदानें घेत. परंतु चहाच्या सुटींत त्यांस मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यांतून चहा दिला जाई. १९०६ सालीं मुंबईस हिंदूंनीं युरोपियनांचा १०९ धांवांनीं पराभव केला, त्या विजयांतहि बाळूंचा मोठा वांटा होता.

१९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदुस्थानचा संघ इंग्लंडास गेला. २३ सामन्यांपैकीं ६ जिंकले, १५ हरले, २ अनिर्णित राहिले. अशा संघांतील गोलंदाजास अमेरिकन हिशेबानें किती पराजय माथीं घ्यावे लागले असते, याची कल्पना वाचकांनींच करावी. तरी पस्तिशीस आलेल्या बाळूंनीं त्या एका उन्हाळ्यांत ११४ बळी मिळविले, तेहि प्रत्येकीं सरासरी १८.८४ धांवांत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनीं १०३ धांवांत ८ गडी बाद केले. परक्या हवेंत, परक्या खेळपट्टीवर, हरणाऱ्या संघाचा मुख्य भार वाहून केलेली ही कामगिरी आहे. अमेरिकेंत १९७२ सालीं स्टीव्ह कार्लटन याच्या संघानें वर्षभरांत अवघे ५९ सामने जिंकले, आणि त्यांतील २७ एकट्या कार्लटनच्या खात्यावर होते. त्यास पारितोषिक मिळालें. संघ दुबळा असला म्हणजे एका माणसाचें ओझें किती वाढतें, हें तेथील परीक्षकांनीं त्या वर्षीं ओळखलें. आमच्याकडे १९११ सालीं असें कांहीं पारितोषिकच नव्हतें.

आतां सांगलीकडे यावें. विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म सांगलीस ११ मार्च १९१५ रोजीं एका शिक्षकाच्या कुटुंबांत झाला. फलंदाज म्हणून त्यांचा लौकिक सर्वांस विदित आहे. परंतु ते मध्यमगति गोलंदाजहि होते, आणि प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यांनीं ५९५ बळी सरासरी २४.६१ धांवांत मिळविले, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांसहि बहुधा आठवत नाहीं. मार्च १९४७ मधील रणजी करंडकाचा अंतिम सामना घ्या. बडोद्याकडून हजारे यांनीं २८८ आणि गुल महंमद यांनीं ३१९ धांवा काढून ५७७ धांवांची भागी केली. कोणत्याहि विकेटसाठीं ती जगांतील सर्वांत मोठी भागी म्हणून २००६ पर्यंत टिकली. पण तत्पूर्वीं होळकर संघाचा पहिला डाव २०२ धांवांत आटोपला होता, आणि त्यांत ८५ धांवांत सहा गडी स्वतः हजारे यांनीं बाद केले होते. ५७७ च्या डोंगराआड ते सहा बळी दिसेनासे झाले.

उलट कसोटी सामन्यांत याच हजारे यांचे बळी अवघे २०, आणि तेहि प्रत्येकीं ६१ धांवांत. तथापि या वीसांत १९४७-४८ च्या दौऱ्यांत दोनदां त्रिफळा उडविलेला ब्रॅडमन आहे: एकदां सिडनीस १३ धांवांवर आणि एकदां ॲडिलेडला २०१ धांवांवर. २४.६१ चे हजारे खरे कीं ६१ चे खरे? आमच्या मतें दोन्ही खरेच. दोन निरनिराळ्या परिस्थितींत एकाच माणसानें केलेलें तें काम आहे. त्यांपैकीं एकच आंकडा उचलून त्याचें कार्ड छापणें हा अन्याय, आणि दोहोंची सरासरी काढून समाधान मानणें हा आळस होय.

हजारे कर्णधार असतांना, नोव्हेंबर १९५१ मध्यें, दिल्लीस इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना झाला. त्यांत सदाशिव शिंदे यांनीं पहिल्या डावांत ९१ धांवांत सहा गडी बाद करून पाहुण्यांस २०३ धांवांवर रोखलें. हजारे यांच्या नाबाद १६४ आणि मर्चंटांच्या १५४ धांवांमुळें भारतास मोठी आघाडी मिळाली. दुसऱ्या डावांत शिंदे यांनीं ७३ षटकें टाकलीं. त्यांच्या चेंडूंवर उडालेले झेल क्षेत्ररक्षकांच्या हातून सुटले, वॉटकिन्स १३७ धांवा काढून नाबाद राहिला, आणि सामना अनिर्णित झाला. शिंदे यांच्या नांवापुढें १६२ धांवांत दोन बळी एवढेंच लिहिलें गेलें. सात कसोटी सामन्यांत मिळून त्यांचे बळी बारा, आणि त्यांतील आठ या एका सामन्यांतले. १९५५ सालीं ऐन तारुण्यांत ते निवर्तले. झेल सोडणारा हात दुसऱ्याचा, आणि हिशेब मात्र गोलंदाजाचा, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस आढळलें नाहीं.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं अशा सवलती देत गेलें तर कोणताहि गोलंदाज थोर ठरवितां येईल. आक्षेप योग्य आहे. वकिली करण्यास सीमा नसते. निवाड्यास असावी लागते. म्हणून आम्ही तीन नियम सुचवितों. पहिला, हंगामांत प्रत्यक्ष घडलेलें तेवढेंच मोजावें. घडूं शकलें असतें तें कितीहि पटलें तरी बाजूस ठेवावें. दुसरा, संघाचा जयपराजय आणि क्षेत्ररक्षकांची चूक गोलंदाजाच्या खात्यांतून वगळावी, परंतु त्यास साक्षीपुरावा असेल तरच. सुटलेला झेल मैदानावर सर्वांनीं पाहिलेला असतो. ‘नशीब फिरलें’ या म्हणण्यास साक्षीदार कोणीच नसतो. तिसरा, भार मोजावा. एका दिवसाचा चमत्कार आणि हंगामभराची मजुरी यांत पदक मजुरीस द्यावें, कारण पदक हंगामाचें आहे.

आतां आम्हीहि एक कागदी हंगाम मांडतों. १९११ चे बाळू, १९४६-४७ चे हजारे, १९५१-५२ चे शिंदे आणि त्याच हंगामाचे विनू मांकड यांस एकाच स्पर्धेंत उभे करूं. तिसऱ्या नियमानें शिंदे प्रथम गळतात. दिल्लीचे ते आठ बळी अमोल होते. पण तो एका सामन्याचा पराक्रम. हजारे यांचें नांव मागें घेतांना सांगलीकरांस वाईट वाटेल. परंतु त्यांच्या त्या हंगामाचें तेज मुख्यतः फलंदाजीचें आहे, आणि गोलंदाजाचें पदक फलंदाजीच्या पुण्याईवर देणें म्हणजे पुन्हा धांवांनाच मान देणें होय. गांवचा अभिमान हा निवाड्यांत पुरावा होऊं शकत नाहीं.

राहतां राहिले मांकड आणि बाळू. मांकड यांनीं त्या हंगामांत पांच कसोटी सामन्यांत ३४ बळी मिळविले, प्रत्येकीं १६.७९ धांवांत. फेब्रुवारी १९५२ मध्यें मद्रासेस ५५ धांवांत ८ आणि ५३ धांवांत ४ गडी बाद करून त्यांनीं भारतास पहिला कसोटी विजय मिळवून दिला, आणि त्या वेळीं कर्णधार आमचे हजारेच होते. मांकड यांच्या बाजूनें हा विजय सांगितला जाईल. पण दुसऱ्या नियमानें तो वजा करावयास हवा, जसा बाळूंच्या संघाचा पराजयहि वजा करावयास हवा. मग उरतें तें काम. मांकड यांनीं स्वदेशांतील खेळपट्टीवर गोलंदाजी केली, आणि समोरच्या इंग्लिश संघांत हटन, कॉम्प्टन व बेडसर हे आलेले नव्हते. बाळूंच्या ११४ बळींतहि कच्चे फलंदाज कांहीं असणारच, कारण ते सर्वच सामने प्रथम दर्जाचे नव्हते; ही गोष्ट आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. तरी परदेशांत, संपूर्ण उन्हाळाभर, आधार देणारा संघ नसतांना केलेलें इतकें काम दुसऱ्या पारड्यांत टाकलें असतां तें आमच्या दृष्टीनें जड होतें. आमचें मत बाळूंस.

मात्र एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. बाळूंवर अन्याय झाला म्हणून आम्ही हें मत दिलेलें नाहीं. त्यांस हिंदु संघाचें कर्णधारपद रीतसर कधींच मिळालें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे बंधु विठ्ठल यांस मिळालें. मंडपाबाहेरचा चहा आणि नाकारलेलें कर्णधारपद यांचा हिशेब समाजानें निराळ्या वहींत द्यावयाचा आहे, आणि तो एका काल्पनिक पदकानें फिटणारा नाहीं. उलट दयेपोटीं पदक दिलें तर त्या ११४ बळींचा अपमानच होईल. सातारच्या खेळपट्टीवर बाळूंनीं कोणाची दया मागितली नव्हती.

शेवटीं एक व्यावहारिक सूचना. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आज गांवोगांव चेंडूफळीच्या स्पर्धा भरतात, आणि उत्तम गोलंदाजास चषक देतांना बहुधा बळींची संख्या पाहून नांव पुकारलें जातें. स्पर्धेच्या चालकांनीं धांवांच्या वहींत दोन रकाने अधिक आंखावे: एक सुटलेल्या झेलांचा, आणि दुसरा खेळपट्टीच्या स्थितीचा. त्यास खर्च कांहीं नाहीं, एक पेन्सिल पुरते. दिल्लीच्या सामन्याच्या अधिकृत वहींत असा रकाना असता, तर शिंदे यांच्या नांवापुढें केवळ १६२ धांवांत दोन बळी एवढेंच राहिलें नसतें.